वल्ली

सावंतवाडीकडच्या मामाच्या वाडीतून एका वेलीचे फाटे मी पुण्याला आणायचे आणि दर वेळी मारायचे. मधुमालतीचा फाटा लागतो. मनीप्लँटचा पाण्याच्या बाटलीतही लागतो. गुळवेल तर तोडून भिंतीवर टाकली तरी हिरवी राहते आणि खाली मुळं सोडते. ही मात्र काही केल्या जगेना. ओल्या फडक्यात गुंडाळून, रातराणीत मांडीवर घेऊन आणलेला हातभर फाटा तिसऱ्या दिवशी मान टाकायचा आणि आठवड्याभरात पापडासारखा कुरकुरीत व्हायचा. मी माती बदलली, कोकोपीट घातलं, एकदा बुडाला मध लावला (यूट्यूबवर सांगतात), एकदा बादलीखाली झाकून ठेवला. चार खेपा, चार फाटे, चारही गेले.

पाचव्या खेपेला मामाला विचारलं. आषाढ होता. मामा वई सारखी करत होता. उन्हाळ्यात नुसत्या काटक्या दिसणारी ती वई आता हिरवीगार भिंत झाली होती, आणि त्या भिंतीवर सगळ्यात वर, करवंदीच्या जाळीवरून लोंबत, माझी ती वेल.

"फाटो कसलो लावतंस गो," मामा म्हणाला, "आधी ह्येचां खोड खंय आसा तां सोध."

मग उकिडवी बसून शोधायला लागले. वरून तिची वाट धरून खाली उतरत गेले. सुतळीहून बारीक, हिरवट-पिवळी, तारेसारखी चिवट. कुड्याच्या दोन फांद्यांना वेढे घालून, मध्येच शेजारच्या तशाच एका तारेशी पीळ घेऊन ती खाली पाचोळ्यात घुसली होती. पाचोळा सारला, बोटानं माती उकरली. दोन बोटं खोलीवर एक आडवं कांड लागलं. पेन्सिलीएवढं, काळपट, अंगभर बारीक केस. त्यातून ओळीनं पाच-सहा तारा वर निघालेल्या. ते खोड. जमिनीच्या वर ते डोकावतसुद्धा नाही. आणि वर पंधरा फूट चढलेलं, ज्याला मी इतकी वर्षं वेल म्हणत होते, ते पान होतं. एकच पान. शेजारची तार म्हणजे दुसरं पान.

म्हणजे चार खेपा मी पानाचा तुकडा कुंडीत खोचत होते. पानफुटीसारखी मोजकी झाडं सोडली तर कुणाचं पान असं लागतं? आंब्याचं पान मातीत खोचून आंब्याची वाट बघावी, त्यातला प्रकार.

वल्ली म्हणजे मुळात वेल. पण 'काय वल्ली आहे!' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे वेल येत नाही. येतो तो माणूस, जो दिसतो एक आणि निघतो दुसराच, जो कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही, आणि ज्याच्याविषयी चार जणांकडे चार गोष्टी असतात. मामाच्या वईवरचं हे पान दोन्ही अर्थांनी वल्ली आहे. गंमत म्हणजे, तिचं जुनं नावही तेच आहे. त्याकडे येतेच.

तर ही नेच्यांपैकी. फूल नाही, फळ नाही, बी नाही. आपल्याकडच्या नेच्यांना चांगली नावं आहेत. ओल्या दरडीवर काळ्या देठाचा हंसराज, कातळाच्या फटीत पंखा उघडून बसलेली मयूरशिखा, झाडाच्या फांदीवर खरंच नवरदेवाच्या कपाळी बांधावं तसं दिसणारं बाशिंग. ही मंडळी जिथं उगवली तिथं बसून असतात. हिला बसवत नाही. मामाच्या वाडीत तिला नुसतं 'वेल' म्हणतात. शास्त्रीय नाव लायगोडियम फ्लेक्झुओसम. पहिल्या नावाच्या मुळाशी ग्रीक शब्द आहे, वाळुंजाच्या फोकासारखं लवचीक अशा अर्थाचा. दुसरं लॅटिन, नागमोडी. दोन भाषांतून एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, पण ती पान आहे हे काही नावात आलं नाही.

जुनं नाव आहे 'वल्ली पन्ना'. मल्याळममध्ये वल्ली म्हणजे वेलच, आणि पन्ना म्हणजे नेचा. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींचा जो अवाढव्य ग्रंथ करवून घेतला, 'हॉर्टस मलबारिकस', त्याच्या बाराव्या खंडात ती या नावानं आली आहे. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅममध्ये बारा खंड निघाले. शेवटचा, म्हणजे हिचा खंड बघायला ऱ्हीड राहिला नव्हता. १६९१च्या डिसेंबरात, कोचीनहून सुरतेला जाताना, मुंबईच्या आसपास समुद्रात जहाजावरच तो वारला. सुरतेला डच दफनभूमीत त्याचं थडगं आहे. या ग्रंथामागे आपलीही माणसं होती. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोकणी वैद्य त्यात होते. गोव्याकडून कोचीनला गेलेल्या समाजातले. त्यांनी १६७५ साली दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत, कोकणी भाषेत छापलेलं आहे. नागरी लिपी छापील पुस्तकात दिसण्याच्या अगदी पहिल्या खुणांपैकी ती एक. कालिकतच्या प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घालून हा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला, २००३ साली. मग मल्याळममध्येही.

१७५३ साली लिनियसनं हिला सर्पजिव्हेच्या प्रजातीत टाकलं, ऑफिओग्लॉसम. का, ते पुढे कळेल. पुढे स्वार्ट्‌झनं तिला तिथून काढून स्वतंत्र प्रजाती दिली. इतक्या मोठ्या माणसाचीही पहिली ओळख चुकली हे वाचून मला माझ्या चार फाट्यांचं दुःख जरा हलकं झालं.

आता ती चढते कशी, ते. बहुतेक नेच्यांचं कोवळं पान बघा, टोकाला घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी असते. ती पंधरवड्यात उलगडते, पान पुरं होतं, विषय संपतो. हिची गुंडाळी संपतच नाही. टोक उलगडत राहतं आणि नवं टोक वळत राहतं. म्हणजे पानाची मधली शीर वाढत वाढत दोरी होते. तिला आधार शोधायचा तर टोक हवेत गोल फिरतं. हे फिरणं डोळ्यांना दिसत नाही, पण डार्विनला दिसलं. वेलींच्या हालचालींवरच्या त्याच्या १८६५च्या निबंधात हिच्या एका सख्ख्या बहिणीची नोंद आहे. कुंडीतल्या रोपाजवळ घड्याळ घेऊन बसल्यासारखी एकेका फेरीची वेळ त्यानं मांडली आहे: पाच-सहा तासांत एक चक्कर, सूर्याच्या उलट दिशेनं. पान असून ते वेलीच्या खोडासारखं फिरतं, याचं मला अप्रूप वाटतं.

आणि तिची एक सोय मला फार आवडते. मधल्या दोरीवर थोड्या थोड्या अंतरानं, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, जेमतेम तांदळाएवढं आखूड देठ फुटतं. त्या देठातून पानांची (खरं तर त्याच एका पानाच्या पर्णिकांची) जोडी निघते, दोन बाजूंना दोन. आणि बरोबर मधोमध, त्या दोघींच्या बेचक्यात, एक बारीकसा केसाळ कोंब झोपलेला असतो. वरचं टोक शाबूत आहे तोवर तो हलत नाही. गुरानं टोक खाल्लं, कुणी खुडलं, की त्यातला एखादा जागा होतो आणि चढाई पुढे चालू. अशा डझनावारी वारसदार कोंबांची रांग ती वाटेवर बसवत जाते. बुंध्याशी कोयती मारली तर मात्र सगळा दरबार एकदम जातो, कारण वाटेत कुठंच मुळं नाहीत.

ओळखायची तर हा कोंब पहिली खूण. पावसाळ्यात वईवर पन्नास वेली असतात, पानांच्या आकारावर भरवसा ठेवलात तर फसाल. हिच्याच एका दोरीवर खाली पंजासारखी पाच बोटांची पानं असतात आणि वर गेलं की लांबट पात्यांची, टोकाचं पातं सगळ्यात लांब. कडा करवतीसारख्या बारीक दात्यांच्या. तेव्हा पान बघायचं नाही, बेचकं बघायचं. मग दोरीच्या बाजूनं खाली जाऊन खोड शोधायचं. नाही सापडलं तर बरोबर वेल सापडली.

दुसरी खूण भाद्रपदाच्या आगेमागे दिसते. वरच्या पानांच्या कडांना दशा फुटतात. पातळाच्या पदराला असतात तशा. भिंगाखाली बघितलं तर एकेक दशी म्हणजे दोन पदरी विणलेली छोटी वेणी, आणि वेणीच्या प्रत्येक पेडाखाली एकेक बीजुककोश झाकलेला. हीच ती लिनियसची जीभ. सर्पजिव्हा नावाच्या नेच्याला अशीच दोन ओळींची बीजुकांची जीभ असते, त्यावरून त्यानं दोघांना एका घरात घातलं. मी एक दशाळ पान संध्याकाळी पांढऱ्या कागदावर पालथं ठेवलं, वर वाटी झाकली. सकाळी पान उचललं तर खाली पिवळसर-तपकिरी भुकटीनं पानाची किनार रेखलेली. रांगोळीच्या ठशासारखी, पण इतकी बारीक की हसले तशी निम्मी उडून गेली.

ती भुकटी उडते म्हणूनच ही जात टिकली. बीजुक ओल्या जागी पडतं, त्यातून नखाएवढा हिरवा पापुद्रा तयार होतो, त्याच्यावर पुढचं लग्नकार्य उरकतं आणि मग कुठं नवा नेचा.

जपानी बहिणीच्या (लायगोडियम जपोनिकम, पानं जास्त चिरलेली, लेसच्या कापडासारखी) याच भुकटीला चिनी वैद्यकात मान आहे. तिथलं नाव हायजिनशा, म्हणजे समुद्री सोनेरी वाळू. लघवीची आग आणि मूतखडा यांवर ती देतात. खरी की भेसळीची हे बघायची त्यांची जुनी रीत अशी की चिमूटभर भुकटी ज्योतीवर भुरभुरवायची. खरी असेल तर फट्कन भडका उडतो आणि राख मागे राहत नाही. वाळू मिसळली असेल तर वाळू राहते.

आपल्याकडे भुकटीपेक्षा मुळ्यांना भाव. वनौषधींच्या जुन्या नोंदींत ताजी मुळं मोहरीच्या तेलात उकळून ते तेल संधिवात, मुरगळलेला सांधा, खरूज, इसब, जखमा आणि काळपुळी यांवर लावायला सांगितलं आहे. काविळीवरही ती देतात. काविळीचं ऐकून केरळातल्या संशोधकांनी यकृताला मुद्दाम इजा केलेल्या उंदरांना हिचा अर्क देऊन बघितला. २००६च्या सुमाराला ते निबंध आले, आणि इजा कमी झालेली दिसली. गोष्ट खरी आहे, पण ती उंदरांची आहे. तेवढ्यावरून कुणी शेजारच्या काकांना काढा उकळून देऊ नये. कावीळ झाली तर डॉक्टर गाठावा.

मामाला यातलं काही ठाऊक नाही आणि त्याचं अडत नाही. त्याच्या लेखी वेल म्हणजे दोरी. रानात टाळ तोडायला गेलं आणि दोरी घरी राहिली की त्यानं हीच काढायची. जून झालेली तार बुडाशी कापायची, मुठीत धरून एका ओढीत सगळी पानं सोलून टाकायची. त्याचा सर्रर्र असा आवाज होतो. दोन तारा एकत्र पिळायच्या आणि भाऱ्याला आवळून गाठ मारायची. मी ओढून बघितली. बोटाला कापेल पण तुटणार नाही. "हिरवी आसा तवसर," मामानं बजावलं. सुकली की कडकडते.

जगभर हिच्या बहिणींनी हेच काम केलं आहे, आणि जास्त नजाकतीनं. फिलिपिन्समध्ये एका बहिणीला 'नितो' म्हणतात. मिंदोरो बेटावरचे इराया मांग्यान लोक तिची दोरी उभी चिरतात, आतला गर काढून टाकतात आणि वरच्या सालीच्या बारीक पट्ट्यांनी टोपल्या, ताटल्या, कडी विणतात. रंग द्यावा लागत नाही, सालीलाच मूळची तपकिरी-काळी झिलई असते. न्यूझीलंडच्या उत्तर भागातल्या कौरी वृक्षांच्या जंगलात 'मांगेमांगे' आहे. तिनं माओरींनी घरांची शाकारणी बांधली आणि ईल मासे पकडायचे सापळे विणले. नंतर आलेल्या गोऱ्या लाकूडतोड्यांनी जंगलात झोपायला तिच्याच गुंतवळाची गादी केली. तारांचं वेटोळं दाबलं की पुन्हा वर येतं, तेव्हा स्प्रिंगची गादी म्हणायला हरकत नाही. यातल्या प्रत्येकानं विणला तो पानाचा देठ. हे त्यांना ठाऊक असो वा नसो, देठ कधी कापायचा हे नेमकं ठाऊक होतं.

चार गोष्टींतली चौथी वाईट आहे. बारीक पानांची बहीण, लायगोडियम मायक्रोफिलम, केरळातल्या पाणथळीत आपली पायरी ओळखून असते. शोभेचं रोप म्हणून ती फ्लोरिडाला गेली आणि १९६०च्या दशकापासून तिथल्या दलदलीत मोकाट सुटली. एकच बीजुक वाऱ्यानं पडलं तरी त्यातून नवी वसाहत होऊ शकते. जोडीदार लागतोच असं नाही. एव्हरग्लेड्समधल्या झाडांच्या बेटांवर तिनं अशी गोधडी पांघरली की खालची झाडं उजेडावाचून मेली. वणवा लागला की वाळलेली पानं शिडीसारखी आग शेंड्याला नेतात. २००८ साली तिथं तिला खाणारा एक पतंग मुद्दाम आणून सोडला. इथं ऑस्ट्रेलिया-आशियातल्या तिच्या गावी हे पतंग, माइट, कोरडा उन्हाळा असे भाऊबंद तिच्यावर बारीक नजर ठेवून असतात. तिथं तिला ओळखणारं कुणीच नव्हतं. गावात निमूट राहणारी माणसं परगावी जाऊन काय काय करतात, तसंच.

मामाच्या वईवर मार्गशीर्षापासूनच ती पिवळी पडायला लागते. माघात वईवर नुसत्या वाळक्या तारा लोंबतात आणि त्याखाली मातीत ते केसाळ कांड गप पडून असतं. मिरगाचा पहिला पाऊस झाला की गुंडाळ्या बाहेर येतात. कोवळ्या असताना त्यांच्यावर तांबूस लव असते.

मागच्या मिरगात मामानं स्वतःच्या वईच्या बुडातला कांडाचा वीतभर तुकडा खणून दिला, भोवतीच्या मातीसकट, शिवणीच्या पानात बांधून. रानातून उपटलेलं मी घेतलं नसतं, आणि त्यानं दिलंही नसतं. पुण्यात उत्तरेच्या गॅलरीत, सावलीला, पाचोळा घालून लावलं. तीन आठवडे काही नाही. मी मनातल्या मनात पाचवी अंत्ययात्रा काढली होती. मग एका सकाळी कुंडीच्या कडेला प्रश्नचिन्हासारखी एक गुंडाळी. तिनं आधी ग्रिल धरली, मग कपड्यांची दोरी, मग वरच्या मजल्याकडे निघाली. वरच्या काकू श्रावणात खाली वाकून म्हणाल्या, "काय गं, ही कसली वेल आमच्याकडे आली?"

"वेल नाही काकू, पान आहे," मी म्हटलं.

त्यांना ते पटलेलं नाही. परवा टेप लावून मोजलं: अकरा फूट चार इंच, आणि टोकाची गुंडाळी अजून उलगडायची आहे.